टकल्या बेटावरचे शुक्रवार

मास्तर, तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी खोटं बोललो. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला जीव घट्ट होईल.

तुझा फोटो ठेवला होता खुर्चीवर. व्हिसाच्या फोटोवरून मोठा केलेला, मान ताठ, गळ्यात शिलाईची टेप नाही. टेपशिवाय मला तू परका वाटलास. इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "तांडेल, तुम्ही त्यांचे सगळ्यात जवळचे, दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. हॉल भरलेला. आपल्या खोलीतले सगळे, तुझ्या दुकानातले दोन पाकिस्तानी कारागीर, इंजिनिअर लोक, त्यांच्या बायका. मी म्हटलं, "किसन मास्तर हातानं शिंपी, पण मनानं दर्यावर्दी. दर शुक्रवारी आम्ही मासे धरायला जायचो. गळ टाकावा तर मास्तरनं." लोक हळहळले. एक बाई पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी खाली बसलो आणि माझे कान तापले, ते अजून तापलेलेच आहेत.

ज्या तू जन्मात मासळीला बोट लावलं नाहीस, त्या तुला मी भरल्या हॉलात कोळी करून टाकलं. आणि तू फोटोतून बघत होतास.

सेक्रेटरी म्हणाले, मंडळाच्या अंकात छापायचंय, तुम्ही सांगा, मी नीट शब्दांत लिहून घेतो. मी म्हटलं, माझ्या मित्रावर मीच लिहिणार, तुमचे नीट शब्द मला नकोत. चौथीपर्यंतची शाळा तेवढ्याला पुरेल. ह्रस्व-दीर्घ तुम्ही बघा, मजकुराला हात लावायचा नाही. तेव्हा मास्तर, हे जे छापून येईल ते सगळे वाचतील. वाचू देत.

तू पहिल्यांदा माझ्याबरोबर होडीत बसलास तेव्हा इकडं आखातात अस्करचा अॅल्युमिनियमचा कारखाना नवा नवा होता. मी कंत्राटदाराच्या लाँचवर होतो, माणसं आणि सामान ने-आण करायचो. अरबाबाची, म्हणजे आमच्या अरब मालकाची, एक लहान होडी होती इंजिनवाली, ती अस्करच्या किनाऱ्याला बांधलेली असायची. शुक्रवारी ती माझ्या ताब्यात. अरबाब म्हणायचा, घेऊन जा, फक्त परत आण. तू सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या दुकानात अरबांचे पांढरे पायघोळ थोब शिवायचास, आठवडाभर मान खाली. माणदेशातला माणूस, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर गाव बघायला जायचं तुमच्याकडे. समुद्र पहिल्यांदा बघितलास तो विमानातून.

"मी येतो, पर गळाला हात लावनार न्हाई," तू आधीच बजावलंस. "माळ हाय गळ्यात."

"मग येतोस कशाला?"

"तू मासं धर. मी वारं खातो. खोलीत पंखा बी गरम वारं फेकतोय."

मी हसलो. वाटलं, तासाभरात ओकायला लागेल आणि परत फिर म्हणेल. ओकलास तू, ते खरं. पण परत फिर म्हणाला नाहीस.

अस्करच्या खाली, जरा आत समुद्रात, ते वाळूचं बेट. ना झाड, ना सावली. कडेला शिंपल्यांची रांग आणि मधे चार खारट झुडपं. त्याला नाव असेल काहीतरी, आपल्याला माहीत नव्हतं. मी त्याला टकलं म्हणायचो. वाटलं, तिथं होडी लावू, भाकरी खाऊ, मग गळ टाकू. उतरलो तर डोक्यावर आभाळ फाटल्यासारखा ओरडा. काळ्या डोक्याची, राखी अंगाची पाखरं, शेकड्यांनी. वरून झेप घ्यायची आणि थेट टाळूवर. माझ्या टोपीवर एक येऊन शिटलं, दुसऱ्यानं चोच मारली. मी शिव्या देत पळायला लागलो आणि तू मागून ओरडलास, "तांडेल! हल्लास तर बघ! पाय हाय तिथं ठेव!"

मी एक पाय वर धरून उभा राहिलो, बगळ्यासारखा. तू खाली बोट दाखवलंस. माझ्या पावलाखाली वीतभर अंतरावर अंडं होतं. वाळूच्याच रंगाचं, वर काळे-तांबूस ठिपके. घरटं म्हणावं तर काही नाही, वाळूत नुसता खळगा. मग नजर बसली तसं दिसायला लागलं, इथं अंडं, तिथं अंडं, सगळं बेट अंड्यांनी भरलेलं आणि त्यात आपण दोन रेडे.

आपण आपल्याच पावलांवर पाय ठेवत मागे आलो. तू उन्हासाठी आणलेली छत्री डोक्यावर धरली होतीस, तिच्यावर टपाटप चोची पडत होत्या आणि तू हसत होतास. मी तुला त्याआधी हसताना बघितलं नव्हतं. होडी जरा लांब नेऊन नांगर टाकला. म्हटलं, चल, आता गळ काढतो. तू म्हणालास, "काढ की. पर जरा थांब. ते बघ, त्येचं शेपूट बघ. कात्री हाय न्हवं?"

खरंच कात्री होती. दोन पाती उघडी असलेली. तेव्हापासून ती पाखरं आपल्यासाठी कात्री झाली. त्या दिवशी गळ पिशवीतून बाहेर आलाच नाही. मला कळलं नाही सकाळ कुठं गेली.

खोलीवर आलो तर दिनकर दारातच बसलेला. तुझ्याच गावाकडचा ड्रायव्हर, मोठा मासेखाऊ. मसाला वाटून तयार. "काय तांडेल, मासं कुठं? दर्या आटला का काय?" सगळे हसले. त्या खोलीत कोकणातला मी एकटा. तुम्ही सगळे घाटावरचे. तुम्हीच मला तांडेल म्हणायला लागलात आणि मला ते आवडत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मिळाले होते ढीगभर, अरबाबाला देऊन टाकले."

तू माझ्याकडे बघितलंस.

पुढच्या शुक्रवारी परत टकल्याला गेलो. गळ नावाला बरोबर. येताना मी बाजारात गेलो, एक मोठा हमूर मासा घेतला आणि समुद्रावर परत येऊन खाऱ्या पाण्यात धुतला. तू लांब उभा राहून बघत होतास.

"तांडेल, त्येच्या पोटात बर्फ हाय," तू म्हणालास. "समुद्रात बी बर्फ पडतो व्हय?"

"गप रे."

"आन् जबडा बघ. गळ लागल्याली खूण कुठं हाय?"

"त्या दिनकरला काय कळतंय गळ आणि जाळं. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं."

"मी कशाला उघडू."

पण मला भरवसा नव्हता. तू साधा माणूस, कुणी विचारलं तर खरं सांगून मोकळा होशील. म्हणून मी तुला किनाऱ्यावरच उभं केलं आणि म्हटलं, "माळेवर हात ठेव. सांग, कुणाला सांगणार नाही. खोलीत नाही, घरी नाही." तू हसत हसत हात ठेवलास. "न्हाई सांगत. कुनालाच न्हाई. झालं?" हातात माझा विकतचा हमूर होता आणि तुझ्या बोटांखाली तुळशीचे मणी. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलं नाही. उलट वाटलं, काम फत्ते.

लाज कसली वाटत होती, ते आता लिहायला बसलो तर नीट सांगता येत नाही. आमच्या गावात होडी रिकामी आली तर माणूस मागच्या दारानं घरात जातो. समुद्राकडे नुसतं बघत बसणारा म्हणजे एक तर लंगडा, नाही तर खुळा. माझा बाप म्हणायचा, दर्या पोटासाठी, डोळ्यांसाठी नाही. आणि मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, सहा दिवस लोकांवर ओरडून काम करून घेणारा, सातव्या दिवशी पाखरांची पिल्लं बघायला जातो, हे सांगू कुणाला? त्यात खरं सांगायचं तर मला ते तुझ्याहून जास्त लागलं होतं. गुरुवारी संध्याकाळपासून मला दुसरं काही सुचायचं नाही. हे तर मी तुलाही कधी सांगितलं नाही. तुला वाटत असेल मी तुझ्यासाठी येतो. मी तसंच दाखवायचो. "चल बाबा, तुझी पाखरं वाट बघतायत," असं म्हणायचो, जसा काही उपकार करतोय.

त्यानंतर बेटावर पाय ठेवायचा नाही हे आपलं ठरलं. होडीतूनच बघायचं. तू दुकानातलं जाड कापड आणून होडीला छत शिवलंस, कोपऱ्यांना पितळी कड्या लावल्यास. कुणीतरी टाकून दिलेली दुर्बीण आणलीस, एका डोळ्यानं आंधळी. ती तू मलाच जास्त वेळ द्यायचास. कोकणात आंबे संपत यायचे त्या सुमाराला कात्री यायच्या आणि उन्हाळा उतरताना पिल्लं उडाली की निघून जायच्या. बाकीचं वर्ष आपण शुक्रवारी झोपायचो. असे किती उन्हाळे गेले. सौदीकडचा पूल बांधायला घेतला, तो पुरा झाला, आपले केस गेले, आपण बोलायचो तेच.

आणि भांडायचो तेच. आठवतं, ओल्या पोटाचं भांडण?

भर उन्हात एक कात्री अंड्यांवरून उठायची, पाण्यावर जायची, पोट बुडवायची आणि तशीच ओली येऊन परत बसायची. तू म्हणालास, "अंडी भिजवतीया."

मी म्हटलं, "खुळा की काय तू? पाखरू अंड्यावर बसतं ऊब द्यायला. कोंबडी बघितलीस ना? मासा धरायला बुडी मारली, पोट भिजलं."

"मग चोचीत मासा कुठं हाय?"

"चुकला असेल."

"परत्येक बारीला चुकतो?"

"तुला काय कळतंय दर्यातलं, घाटावरच्या माणसाला?"

तू होडीच्या कडेवरचा लोखंडी गज दाखवलास. "त्येला हात लावून बघ. तो बघ हितं पाण्यावर एवढा तापलाय, तर तिथल्या वाळूला ऊब कमी हाय व्हय? आमची म्हातारी उन्हाळ्यात रांजनाला ओलं फडकं गुंडाळती. त्येच काम चाललंय तिचं. सावली देतीया आन् गार करतीया."

मी दर उन्हाळ्याला तुला खोडून काढलं. कोंबडीवर अडून बसलो. एकदा तर चिडून इंजिन सुरू केलं आणि परत आलो. मास्तर, तुझं खरं होतं. मला त्याच वर्षी पटलं होतं. आपल्या होडीच्या आवाजानं एक उठली आणि बराच वेळ परत आली नाही, तेव्हा मला वाटलं, आता त्या दोन अंड्यांची भाजी होणार. मी गुपचूप होडी मागे घेतली आणि तुला म्हटलं, प्रवाह ओढतोय. प्रवाह मफी, कसला प्रवाह. समुद्र त्या दिवशी ताटातल्या पाण्यासारखा होता. तुलाही दिसत असणारच.

दुसरं भांडण दर वर्षी एकदाच व्हायचं, पहिल्या शुक्रवारी, बाजारात जायच्या आधी.

"तांडेल, सांगून टाक की एकदा खोलीत. पाखरं बघाया जातो म्हनावं. चोरी करतो का काय आपन?"

"हसतील."

"हसू दे. हसल्यानं अंगाला भोकं पडत्यात व्हय?"

"तुला नाही कळायचं ते."

"मग राहू दे," तू म्हणायचास आणि विषय खलास. नंतर नंतर तू ते बोलायचंच सोडलंस. मला वाटलं, मास्तर आला रुळावर.

माझा धाकटा भाऊ गेला त्या उन्हाळ्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तार आली तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. रजाही मिळाली नाही. खोलीतले चांगले लोक, येऊन येऊन पाठीवर हात ठेवत होते, मला ते सहन होत नव्हतं. तू दुकान बंद करून आलास, ईद तोंडावर, शिलाईचा ढीग पडलेला. म्हणालास, "यल्ला, चल." होडीत दिवसभर तू एक शब्द बोलला नाहीस. दुर्बीण माझ्या मांडीवर ठेवलीस आणि तोंड दुसरीकडे फिरवून बसलास. एक पिल्लू पाण्याच्या कडेला उभं राहून पंख फडफडवत होतं, दोन बोटं वर उडायचं आणि तोंडावर पडायचं. मी ते बघत रडून घेतलं. तू मागे वळून बघितलं नाहीस. परत येताना मात्र बाजारापाशी मी पाय थांबवले, तेव्हा तू म्हणालास, "आज तरी नको." मी तरी मासा घेतलाच. भावाच्या सुतकात! दिनकरला दिला आणि म्हटलं, मला भूक नाही, तुम्ही खा.

आता गळ्याचं लिहितो.

मागच्या खेपेला तू सुट्टीवरून आलास तर गळा मोकळा. मला होडीत बसल्यावर दिसलं. मण्यांच्या जागी कातडी जरा गोरी होती. मास्तर, माणूस मित्राला विचारतो, काय झालं रे? मी काय म्हणालो? "काय, उतरवलीस का शेवटी? बरं झालं. चल, आज तुला हमूर खायला घालतो."

तू हसलास. म्हणालास, "आता ह्या वयात दात कुठं हायत मासं खायाला." आणि दुर्बीण माझ्याकडे दिलीस.

त्यानंतरही तू मासळीला शिवला नाहीस. मला त्याचंही नवल वाटलं नाही. मी समजलो, घरचं काहीतरी असेल, देवाधर्माचं, आपल्याला काय करायचंय.

शेवटचा शुक्रवार यंदाचा. तुला चढउतर झेपत नव्हती, मी हात धरून होडीत घेतलं, तर "म्हातारा केलास का मला?" म्हणालास. परत येताना, गवताळ तळ आहे त्या उथळ पाण्यात, तू एकदम माझा दंड धरलास. "तांडेल, गाय! समुद्रातली गाय!" अरब सांगतात ना, समुद्रात गाय असते, तळचं गवत खाते. मी तुला कायम सांगत आलो होतो, असलं काही नसतं, अरबांच्या गप्पा. मी वळून बघितलं. पाण्यावर रुंद, केसाळ नाक आलं, फुस्स करून श्वास सोडला, मागे राखी पाठ गोल फिरली आणि गेली. मी स्वच्छ बघितलं. तू लहान मुलासारखा माझ्या तोंडाकडे बघत होतास.

मी म्हटलं, "कासव असेल."

तू दंड सोडलास. "असंल," म्हणालास.

मास्तर, गाय होती. मी बघितली. आपण दोघांनी बघितली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तू मशीनवर मान टाकलीस. कारागिरांना वाटलं, डुलकी लागली. हॉस्पिटलात मी पोचलो तेव्हा चादर वर ओढलेली होती. तुला पेटीत घालून विमानानं पाठवलं, कागदपत्रं मंडळानं केली, मी विमानतळाच्या जाळीपर्यंत आलो. आणि मग ती शोकसभा आणि माझं भाषण.

सभा संपल्यावर दिनकर जिन्यात भेटला. डोळे लाल. म्हणाला, "तांडेल, लई चांगलं बोललासा. पर त्येच्या घरच्यांस्नी ह्ये कधी बोलू नगासा."

"का?"

"माशापायी घरात लई झालं हो. चूक माझीच. मागं सुट्टीला गेलो तवा मीच कौतुकानं सांगितलं, तुमचा किसन तिकडं पक्का कोळी झालाय, दर शुक्रवारी टोपली भरून आनतो. मला काय ठावं, म्हातारी एवढं मनाला लावून घेईल. त्येच्या बापानं मरताना घातलेली माळ ती."

माझा हात कठड्यावर होता, तो मी सोडला नाही.

"मास्तर गेला घरी, तर म्हातारी ताट वाढंना. म्हनाली, आदी माळ काढून देवापुढं ठेव, मग जेवाया बस. माळ घालून जीव मारनारा माझ्या पंगतीला नको."

"आणि तो काय म्हणाला?"

"काय बी न्हाई. काढली आन् ठेवली."

"सांगितलं नाही त्यानं, की मी मासे धरत नाही म्हणून?"

दिनकर माझ्याकडे बघत राहिला. "आवं, धरायचाच की. मी सवता खाल्ल्यात."

जिन्यात एवढी माणसं उतरत होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "चल, उशीर होतोय."

माळेवर हात ठेवायला लावून मी तुझं तोंड बंद केलं होतं. माळ वाचवायची तर शपथ मोडायची, शपथ पाळायची तर माळ जाणार. तू आईपुढे उभा राहून गळ्यातून माळ काढलीस आणि माझी विकतची मासळी तेवढी वाचवलीस. वर मी तुला हमूर खायला घालतो म्हणालो.

पुढचे दिवस मी लाँचवर कामाला गेलो, लोकांवर ओरडलो, जेवलो. पण तुझी आई तिकडे काय समजून तुझी राख सावडत असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी दिनकरला गाठलं. म्हटलं, "तुझ्या भावाला तार कर. मास्तरच्या घरच्यांना शुक्रवारी संध्याकाळी गावच्या पोस्टात आणून बसवायला सांग. मला त्यांच्याशी फोनवर बोलायचंय."

"कशापायी? समाचाराला?"

"दिनकर, ते मासे विकतचे होते."

"कुठलं?"

"सगळे."

तो म्हणाला, "आन् तुमी दोघं दिस-दिसभर तिथं काय करत हुता?"

मी म्हटलं, "तार कर सांगितलं ना." बघ मास्तर, तेव्हाही निघालं नाही तोंडातून.

शुक्रवारी मनामाच्या टेलिफोन हॉलात ही गर्दी. सगळ्या देशांची माणसं, सुट्टीचा दिवस, जो तो आपल्या घरी ओरडतोय. बऱ्याच वेळानं माझा नंबर पुकारला. केबिनचं दार लागत नव्हतं, बाहेर मल्याळी, बंगाली, आपले सातारा-रत्नागिरीचे सगळे रांगेत उभे. दिनकर माझ्या मागेच. लाइनीवर खरखर, खूप लांबून वाऱ्यासारखा आवाज. पहिल्यांदा तुझ्या घरच्या, इंदू वहिनी, आल्या, नुसत्या रडत होत्या. मी म्हटलं, वहिनी, आईंना द्या.

"कोन?" म्हातारीचा आवाज.

"आई, मी तांडेल. किसनचा मित्र."

"तूच न्हवं त्येला मासं धराया नेत हुतास?"

"नेत होतो. पण मासे नाही, आई. किसननं एकही मासा धरला नाही. कधीच नाही."

"आं? मोठ्यानं बोल बाबा. काय ऐकाया येत न्हाई."

"मासे नाही धरले! विकत आणायचो! मी आणायचो!"

"मग काय करत हुता तिथं?"

मी तोंडावर हात धरून म्हटलं, पाखरं बघायचो. तिला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं. परत नाही. मागची रांग एव्हाना गप्प झाली होती. मी हात काढला आणि लाँचवर ओरडतो तसा ओरडलो, "पाखरं! पाखरं बघायला जायचो आम्ही!"

तिकडं खरखर. मग म्हातारी सावकाश म्हणाली, "पाखरं. आन् मग मी माळ काढ म्हनलं, तवा बोलला का न्हाई त्यो?"

"मी शपथ घातली होती. माळेची. कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"कशापायी?"

"लाज वाटायची."

"लाज?" तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या किसनाला पाखरं बघायची लाज वाटत हुती?"

"नाही! त्याला नाही, आई! त्याला कधीच नाही वाटली! मला वाटायची! मला!"

केबिनच्या दारात दिनकर उभा होता. त्याच्यामागे सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. कोणी हसत नव्हतं, आणि हसत असते तरी मी त्यांच्याकडे बघणार नव्हतो, कारण म्हातारी तिकडे कुणालातरी जवळ बोलावत होती.

"थांब," ती मला म्हणाली. "सुनंला फोन देते. समदं परत सांग."

मी परत सांगितलं.